सेसना १७२ चं ॲन्युअल, २०२५: कामाच्या नोंदी

१८ जानेवारी २०२५

गेल्या वर्षीच्या ॲन्युअलचं, म्हणजे विमानाच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचं, बिल काकांच्या जेवणाच्या टेबलावर पसरून बसलो. विमान १९७५ सालचं सेसना १७२एम, इंजिन लायकॉमिंग ओ-३२०-ई२डी, मालक आम्ही दोघे. काका नात्याने कुणी लागत नाहीत, वयाने काका. सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेल्यामुळे दुसऱ्याच्या बिलात डोकं घालायला त्यांना मनापासून आवडतं.

एकूण ६,३८० डॉलर. त्यात ठरलेली तपासणीची फी फक्त १,९००.

काकांनी तीन रंगांचे हायलायटर काढले. पिवळा तपासणीला. जे केल्याशिवाय विमान उडवता येणारच नव्हतं त्याला हिरवा. बाकी सगळ्याला गुलाबी. बेरीज केली तर हिरवं १,२७० आणि गुलाबी ३,२१०. त्यातली एकच ओळ २,३४० ची: दोन नंबरचं सिलिंडर काढून ओव्हरहॉल (पूर्ण खोलून दुरुस्ती). कारण म्हणून दोनच शब्द, 'कॉम्प्रेशन कमी', म्हणजे सिलिंडरमध्ये हवेचा दाब टिकत नाही. किती कमी, हवा कुठून गळत होती, दुसऱ्यांदा मोजलं का, काही नाही. आम्हाला फोन आला तोपर्यंत सिलिंडर बाकावर काढून ठेवलेलं होतं.

"आकडा नाही तर व्हाउचर नाही," म्हणत काकांनी गुलाबी ओळीवर प्रश्नचिन्ह काढलं.

लग्नात 'आता एवढं केलंच आहे तर' म्हणत जसा खर्च फुगतो, तसंच उघडलेल्या विमानाचं होतं. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, उतरलेलं असतं, माणूस तिथेच असतो, एक पार्ट आणखी बदलायला कितीसा वेळ? हिशेब होतो तो शेवटी.

यंदाचं ध्येय एवढंच की बघणं आणि दुरुस्त करणं ही दोन कामं वेगळी ठेवायची. दोन्हींच्या मध्ये आम्ही बसणार.

१९ जानेवारी

नियम पुन्हा वाचले, वाद झालाच तर हाताशी असावेत म्हणून.

एफएए म्हणजे अमेरिकेचं नागरी विमान वाहतूक खातं. त्यांच्या नियम ९१.४०९ प्रमाणे मागच्या १२ कॅलेंडर महिन्यांत वार्षिक तपासणी झालेली हवी. कॅलेंडर महिने म्हटल्यामुळे मार्चच्या कुठल्याही तारखेला सही झाली तरी मुदत पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत. काय काय बघायचं ते भाग ४३ च्या परिशिष्ट डी मध्ये आहे. दुरुस्ती कुठलाही ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन) लायसनवाला मेकॅनिक करू शकतो, पण ॲन्युअलवर सही करायला त्याच्याकडे आयए, म्हणजे तपासणीचा जादा अधिकार लागतो, नाहीतर ते काम मान्यताप्राप्त रिपेअर स्टेशनकडे द्यायचं. आणि ९१.४०३ स्पष्ट सांगतं की विमान उड्डाणयोग्य ठेवायची मुख्य जबाबदारी मालकाची किंवा ते चालवणाऱ्याची. मेकॅनिक सही करतो ती त्याने केलेल्या कामाची.

ज्याने तपासलं त्यानेच दुरुस्त करावं, असं यात कुठेही लिहिलेलं नाही.

२५ जानेवारी

तीन ठिकाणी बोलणं झालं.

मोठं रिपेअर स्टेशन: चकचकीत हँगर, रिसेप्शनवर कॉफी, ताशी दर सगळ्यात जास्त. आमच्यासारखी जुनी सेसना त्यांच्या रांगेत शेवटी उभी राहणार हे बोलण्यावरूनच कळलं. जमेची बाजू म्हणजे त्यांची कागदपत्रं अतिशय नीट असतात.

गेल्या वर्षीचं दुकान: फी १०० ने वाढवली आहे. 'दुरुस्तीआधी यादी द्याल का' असं विचारल्यावर उत्तर आलं, 'आमचं काम असंच चालतं.' बरं.

तिसरा, एकट्याने काम करणारा आयए. स्वतःचा हँगर नाही, तो आमच्या हँगरमध्ये येऊन काम करणार. तपासणीचे १,५००, वर ताशी ९५. पॅनेल आम्ही उघडायची, सीट आम्ही काढायच्या, इंजिन धुऊन आम्ही द्यायचं. वर्षानुवर्षं बहुतेक सेसनाच बघत आलाय. त्याच्या फीमध्ये काय येतं असं विचारल्यावर त्याने उलट विचारलं, 'तुमच्या एडींची यादी तयार आहे का? नसेल तर तो वेळ वेगळा.' ही एडी म्हणजे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, एफएएचे सक्तीचे दुरुस्ती-आदेश. त्याचा प्रश्न आवडला. कागद शोधण्यातही तास जातात हे ज्याला ठाऊक आहे, तो ते तास लपवून लावणार नाही.

सगळ्यांना विचारलेले प्रश्न पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवतो. ठरलेल्या फीमध्ये तेलबदल, प्लग साफ करणं, चाकांच्या बेअरिंगला ग्रीस हे धरलंय का. पार्टवर किती टक्के चढवता. मी आणलेला पार्ट बसवाल का (दोघांनी नाही म्हटलं. दायित्वाची भीती असते आणि ती समजण्यासारखी आहे). सही नक्की कोण करणार, आणि तो माणूस स्वतः विमानात डोकं घालून बघणार की पोरं बघतील. कायद्याने ॲन्युअलची तपासणी आयएला दुसऱ्यावर सोपवता येत नाही, तरी प्रश्न विचारलेला बरा.

आयएचा अधिकार दर विषम वर्षी ३१ मार्चला संपतो. यंदा २०२५, म्हणजे नूतनीकरणाचं वर्ष. त्याला विचारलं. हसला, म्हणाला की हे विचारणारे तुम्ही पहिलेच.

२ फेब्रुवारी

लॉगबुकांची संध्याकाळ. एअरफ्रेम, इंजिन, प्रोपेलर, तिन्हींची वेगवेगळी. पन्नास वर्षांचं अक्षर वाचायचं म्हणजे मोडी वाचण्याची तयारी हवी. काका वाचत गेले, मी टाइप करत गेलो.

एडींच्या तक्त्याला चार रकाने केले: एडीचा क्रमांक, लागू आहे का, कशी पूर्ण केली, पुन्हा केव्हा. एकदा करून संपलेल्या एडींचा त्रास नाही. पुन्हा पुन्हा येणाऱ्याच महत्त्वाच्या. आमच्याकडे ठळक दोन. पहिली २०११-१०-०९, सीटच्या रुळांची. जुन्या सेसनांमध्ये रुळांची भोकं झिजतात, खुंटी नीट बसत नाही, आणि टेकऑफच्या वेळी नाक वर गेलं की सीट मागे सरकते. पायलट मागे गेला की हातातलं योकही, म्हणजे विमानाचं स्टीअरिंग, मागे ओढलं जातं. यातून माणसं गेली आहेत. दर १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी रूळ, खुंट्या, रोलर तपासायचे. दुसरी ७६-०७-१२, बेंडिक्सच्या इग्निशन स्विचची: इंजिन आयडलवर असताना किल्ली क्षणभर 'ऑफ' केली की ते खरोखर बंद पडू लागतं का, ते बघायचं. बंद पडत नसेल तर मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारी यंत्रं, जिवंत राहतात आणि हँगरमध्ये प्रोपेलर हाताने फिरवणाऱ्याचा जीव धोक्यात येतो.

मॅग्नेटो स्लिकचे. त्यांची ५०० तासांची तपासणी गेल्या वर्षीच झाली आहे. ती ओळ हिरव्यातलीच एक होती.

ईएलटीची, म्हणजे अपघात झाल्यास ठिकाण कळवणाऱ्या रेडिओची, बॅटरी एप्रिलमध्ये मुदतबाह्य. ट्रान्सपाँडरची (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) २४ महिन्यांची चाचणी मे महिन्यात. ती आयएच्या हातातली नाही, योग्य रेटिंगचं एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सचं, दुकानच ती करू शकतं. गेल्या वेळी दोन्ही गोष्टी ॲन्युअलच्या बिलात गुंडाळून आल्या होत्या, त्यावर मधल्या माणसाचे पैसे चढवून.

मूळ लॉगबुकं घरीच राहणार. मेकॅनिकला सगळ्या पानांचं स्कॅन आणि हा तक्ता. त्याची नोंद चिकटवायच्या कागदावर येईल, ती आपण चिकटवू. हरवलेल्या लॉगबुकाने विमानाची किंमत किती पडते ते आजूबाजूला पुरेसं पाहिलं आहे. शिवाय बिलावरून वाद झाला तर बऱ्याच राज्यांत दुकानदार विमान अडवून ठेवू शकतो, निदान कागद तरी आपल्याकडे असावेत.

९ फेब्रुवारी

तेल बदललं. भाग ४३ च्या परिशिष्ट ए मध्ये मालक-पायलटने स्वतः करायच्या कामांची यादी आहे: तेल, प्लग, टायर, बॅटरीची देखभाल, बेअरिंगला ग्रीस, लँडिंग लाइटचा बल्ब, अशी. स्वतः करून स्वतः लॉगबुकात नोंद आणि सही.

फिल्टर कापला. घड्या उलगडून उन्हात धरल्या. काळं, स्वच्छ, धातूचा कण नाही. या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या वर बसतो. विमान आठवडेच्या आठवडे उभं राहिलं तर तिथलं तेल निथळून जातं आणि त्याच्या लोबना (उंचवट्यांना) गंज धरतो. म्हणून फिल्टरमधल्या लोखंडाच्या चुऱ्याकडे मी कॉम्प्रेशनच्या आकड्यापेक्षा जास्त गंभीरपणे बघतो. तेलाचा नमुना लॅबला पाठवला.

१६ फेब्रुवारी

एक पानी करार. वकिली भाषा नाही. आधी फक्त तपासणी. मग त्रुटींची लेखी यादी, प्रत्येक ओळीसमोर नियम, उत्पादकाची मर्यादा किंवा एडी यांपैकी कशाला बाधा येते ते. मग आमचा होकार, ओळीओळीला. होकाराशिवाय ५० डॉलरच्या वर काही नाही. काढलेला प्रत्येक पार्ट आम्हाला परत.

त्याने एकच बदल सुचवला: तपासताना एखादी गोष्ट धोकादायक दिसली आणि ती आम्ही केली नाही, तर तो उड्डाणयोग्य म्हणून सही करणार नाही. अर्थातच. नियम ४३.११ मध्ये त्याचीही सोय आहे. विमान उड्डाणयोग्य नसेल तर आयए तसं लॉगबुकात लिहितो आणि सही-तारखेसह त्रुटींची यादी मालकाला देतो. तपासणी झाली, ॲन्युअल पूर्ण. यादीतली कामं मालकाने कुठल्याही ए अँड पीकडून करून घ्यावीत, त्याच्या सहीने विमान पुन्हा उडायला मोकळं. दुसऱ्या एअरपोर्टवर न्यायचं असेल तर एफएएकडून फेरी परमिट, म्हणजे तेवढ्या एका उड्डाणाची खास परवानगी, मागायचं. पण ही वाट उघडी आहे हे दोन्ही बाजूंना माहीत असलं की बोलण्याचा सूर बदलतो.

८ मार्च

सकाळी मी अर्धा-पाऊण तास उडवून आणलं. कॉम्प्रेशन गरम इंजिनावर मोजायचं असतं. उतरल्या उतरल्या काउलिंग काढलं, प्लग उपसले.

सिलिंडरमध्ये ८० पीएसआयची हवा सोडायची आणि आत किती टिकते ते दुसऱ्या गेजवर वाचायचं. एकाने प्रोपेलर घट्ट धरायचा. पिस्टन वरच्या टोकापासून जरा जरी हलला तरी तो हात मोडेल इतक्या जोराने फिरतो. हे काम काकांना दिलं नाही, त्यावरून ते थोडे रुसले.

एक: ७६. दोन: ७७ (गेल्या वर्षीचं २,३४० चं). चार: ७४. तीन: ६२.

सगळे गप्प. मेकॅनिकने काही न बोलता एक्झॉस्टच्या नळीला कान लावला. हवा तेल भरायच्या तोंडातून आली तर दोष रिंगांचा, कार्बुरेटरच्या बाजूने आली तर इनटेक व्हॉल्व्हचा, एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा. आमची एक्झॉस्टमधून येत होती, अगदी स्पष्ट फुसफुस.

लायकॉमिंगची सूचना अशी: ७० च्या वर आणि सगळे जवळपास सारखे असतील तर छान, ६५ च्या खाली झीज सुरू झाली समजा आणि दर १०० तासांनी लक्ष ठेवा, ६० च्या खाली गेलं तर सिलिंडर काढायचा विचार करा. दोन सिलिंडरांत १० ते १५ चा फरक असेल तर कारण शोधा. आमचा ६२. म्हणजे शोधायचं. काढायचं नव्हे.

बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, आत घातला. जळू लागलेल्या व्हॉल्व्हची कड एका बाजूला वेगळ्याच रंगाची दिसते, एकतर्फी, कारण तिथून गरम वायू निसटत असतो. आमच्या व्हॉल्व्हचा रंग मध्यापासून कडेपर्यंत चारी बाजूंनी सारखा. काकांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "हा पांढरा ठिपका?" शिशाचा थर. १०० एलएल पेट्रोलमध्ये शिसं असतं, ते असं साचतं.

मेकॅनिकने रॉकरचं झाकण काढलं, प्लॅस्टिकच्या हातोडीने व्हॉल्व्हला अलगद ठोके दिले, म्हणजे बैठकीवर अडकलेला कण उडून जावा. पुन्हा हवा सोडली. ७०.

त्याने लिहिलं: तीन नंबर, ६२, ठोकून ७०, बोअरस्कोपमध्ये व्हॉल्व्ह ठीक, काही तास उडवून पुन्हा मोजणे. फोटो सोबत. गेल्या वर्षी दोन नंबरला एवढं झालं असतं तर काय दिसलं असतं, हे आता कळायला मार्ग नाही.

९ मार्च

बाकीची तपासणी. सीटा बाहेर, फरशीची पॅनेल उघडी, पंखाखालच्या गोल झाकण्यांचा ढीग. प्रत्येक झाकणीचे स्क्रू वेगळ्या डबीत, डबीवर नाव. पुली, केबलचा ताण, ब्रेकचे पॅड, लँडिंग गिअर.

मफलरची चाचणी बघण्यासारखी असते. व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून एक्झॉस्टमध्ये हवा भरायची, वर साबणाचं पाणी फवारायचं. सांध्यांवर थोडे बुडबुडे येतात, ते चालतं. आमच्या मफलरवर आवरणाखाली एका वेल्डच्या कडेने बुडबुड्यांची रांगच उठली. केबिनचा हीटर याच आवरणातली गरम हवा आत घेतो. चीर म्हणजे केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड. या ओळीला चर्चा नाही.

१० मार्च

यादी आली. दीड पान.

आधी हिरवी. मफलर. सीटचा एक रूळ, डावीकडचा बाहेरचा, भोकं मर्यादेपलीकडे झिजलेली (एडी, सक्ती). दोन प्लग, ज्यांचा रोध ५,००० ओहमच्या वर गेलाय. बाकी सहा साफ करून, वरचे खाली खालचे वर करून पुन्हा. ईएलटीची बॅटरी. नोजव्हीलच्या शिमी डॅम्परची (पुढच्या चाकाची थरथर रोखणारा) ओ-रिंग, तेल गळतंय. कार्बुरेटर हीटची स्कॅट होज, म्हणजे कार्बुरेटरकडे गरम हवा नेणारी नळी, फाटलेली.

मग मेकॅनिकने स्वतःच 'शिफारस, सक्ती नाही' असं लिहून खाली दिलेल्या: व्हॅक्यूम पंपाचे (दिशा-तोल दाखवणारी उपकरणं चालवणारा) तास बरेच झाले. इंजिन माउंटचे रबर कडक होऊ लागलेत, पण मर्यादेत. बॅफलच्या (इंजिनावर थंड हवा वळवणारे पत्रे) रबरी पट्ट्या. आणि शेवटी ओव्हरहॉलचा प्रश्न: इंजिनाचे साधारण १,७०० तास झालेत, वर्षं मात्र वीसहून जास्त.

लायकॉमिंगची शिफारस २,००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते. गेल्या वर्षीच्या दुकानाने हे 'मुदत संपलेली' म्हणून लाल शाईने लिहिलं होतं. खाजगी, भाड्याने न देता उडवणाऱ्या विमानाला, म्हणजे भाग ९१ खाली, उत्पादकाची टीबीओ (ओव्हरहॉलची ही मुदत) किंवा सर्व्हिस बुलेटिन (सूचनापत्र) बंधनकारक नाही, सक्ती एडीची. बुलेटिनच्या डोक्यावर 'मँडेटरी' छापलेलं असलं तरी. दुर्लक्ष करावं असं मी म्हणत नाही. पण तो निर्णय फिल्टर, तेलाचा अहवाल, बोअरस्कोप बघून घ्यायचा असतो. लॅबचा अहवालही आलाय, लोह आणि तांबं मागच्या नमुन्यांच्याच पट्ट्यात.

१२ मार्च

काकांशी वाद. त्यांचं म्हणणं, विमान उघडलंच आहे तर व्हॅक्यूम पंप, माउंट, बॅफल सगळं एकदाच करून टाकू. "अरे, पुन्हा मजुरी द्यायची का?"

"काका, तीन रंग तुम्हीच काढलेत ना?"

"ते बिल दुसऱ्याचं होतं. हे आपलं आहे."

मग मी त्यांना वॉडिंग्टनची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडची लिबरेटर विमानं पाणबुड्यांच्या मागावर होती, आणि अर्धी कायम दुरुस्तीत अडकलेली. सी. एच. वॉडिंग्टन हे मुळात जीवशास्त्रज्ञ. युद्धकाळात ते कोस्टल कमांडच्या शास्त्रज्ञांच्या गटात होते. या मंडळींनी बिघाडांच्या नोंदी उड्डाणाच्या तासांवर मांडल्या. दर ५० तासांनी मोठी तपासणी होत असे. अपेक्षा अशी की तपासणीनंतर बिघाड कमी असावेत आणि पुढची तपासणी जवळ येईल तसे वाढावेत. दिसलं उलटं: तपासणीनंतर लगेच बिघाडांचा डोंगर, मग उतार. ठीक चाललेल्या गोष्टी उघडून बंद करण्यातूनच नवे बिघाड जन्माला येत होते. तपासण्यांमधलं अंतर वाढवलं, गरज नसलेली कामं गाळली, आणि उडणारी विमानं वाढली.

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "पंप तरी?"

पंपावर तडजोड. कोरडा पंप पूर्वसूचना न देता तुटतो, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. आतली कार्बनची पाती झिजतात आणि एक दिवस मोडतात. पण आम्ही ढगांत उडवत नाही, आणि त्या पंपाला पात्यांची झीज बाहेरून बघायची खिडकी आहे. मेकॅनिक ती उघडून बघेल, आकडा लिहील, मग ठरवू.

(बघितलं. भरपूर शिल्लक. पंप राहिला.)

१५ मार्च

पार्ट. रूळ पीएमए मान्यतेचा, म्हणजे मूळ उत्पादकाचा नाही पण एफएएने तो बनवायला मान्यता दिलेला, १४० डॉलर. मफलर नवीन न घेता एक्सचेंज: आपला जुना पाठवायचा, रिपेअर स्टेशनने पुन्हा बांधलेला ८१३०-३ टॅगसह, म्हणजे पार्ट मान्य असल्याच्या एफएएच्या फॉर्मसह, यायचा. १,०५०, जुना नीट पोचला तर. टॅगशिवाय स्वस्त मिळत होता. टॅग नसेल तर मेकॅनिक बसवणार नाही, आणि बसवणारा मेकॅनिक आम्हाला नको.

२३ मार्च

मफलर वाटेत अडकला. काकांना ३१ तारखेची धास्ती. खरं तर धास्तीचं कारण नाही: विमान हँगरमध्ये सुटं पडलंय, उडवायचं नाहीये. सही एप्रिलमध्ये झाली तर ॲन्युअलचा महिना एप्रिल होईल, उलट पुढच्या वर्षी थंडीतून एक महिना सुटका. दुकानांच्या घाईच्या महिन्यात मागे लागून काम करून घेण्यापेक्षा हे चांगलं. मेकॅनिकला तसं कळवलं, तोही सैलावला.

मधल्या वेळात रूळ बसला, डॅम्परची ओ-रिंग झाली. काकांनी सीटचे रोलर घासून लख्ख केले.

५ एप्रिल

मफलर बसला. इंजिन चालवून गळती बघितली, इग्निशन स्विचची चाचणी केली, मग काउलिंग लावण्याआधी पुन्हा एकदा डोळ्यांखालून घातलं. मी एकटा, टॉर्च घेऊन, कुणाशी न बोलता. कार्बुरेटर हीटच्या नव्या होजची एक क्लॅम्प बसवलेली, पण आवळलेली नाही. बोटाने फिरत होती. मेकॅनिकला हाक मारली, त्याने कपाळावर हात मारला आणि आवळली. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझा तो वॉडिंग्टन."

पहिलं उड्डाण दिवसाढवळ्या, एकट्याने, एअरपोर्टच्या माथ्यावर घिरट्या घालत, उतरून पुन्हा काउलिंग उघडून. तेल नाही, पेट्रोलचा वास नाही. सीओ डिटेक्टर शून्य.

लॉगबुकची सही झालेली नोंद उड्डाणाआधीच मिळाली होती, ती चिकटवण्याआधी वाचून घेतली. तारीख, एकूण तास, तपासणीचा प्रकार, उड्डाणयोग्य ठरवल्याचं विधान, आयएचा क्रमांक. एडींचा तक्ता सोबत जोडलेला, प्रत्येकीसमोर कशी पूर्ण केली ते. इंजिन आणि प्रोपेलरसाठी वेगळे कागद. चिकटवले.

६ एप्रिल

हिशेब. तपासणी १,५००. मफलर १,०५०. रूळ १४०. दोन प्लग ९६. ईएलटी बॅटरी १६५. गॅस्केट, ओ-रिंग, होज, किरकोळ ११८. मजुरी सात तास, ६६५. एकूण ३,७३४.

मी खुशीत होतो. काकांनी चष्मा नाकावर घेतला. "गेल्या वर्षीच्यातून सिलिंडर वजा कर."

४,०४०.

"म्हणजे वाचले तीनशे सहा. त्यात आपली मजुरी धरलीस का?"

नाही धरली. धरली तर तोटाच. त्यांचं उत्तर बरोबर, पण गणित चुकीचं मांडलंय असं माझं मत. सिलिंडर वजा करायचं नाही, तोच तर मुद्दा. यंदाही एका सिलिंडरचा आकडा कमी आला होता, गेल्या वर्षीच्या पद्धतीने तोही निघाला असता आणि बिल सहा हजारांच्या वर गेलं असतं. काका म्हणतात, "न झालेल्या खर्चाचं व्हाउचर नसतं." त्यांनी वहीत तीनशे सहाच लिहिलं.

पण पुढच्या वर्षी याच माणसाला बोलवायचं, यावर दोघांचं एकमत. त्याला एप्रिलची तारीख आत्ताच देऊन ठेवली.

१७ मे

ट्रान्सपाँडरची चाचणी एव्हिऑनिक्स दुकानात झाली, पास. तिथून परत आल्यावर इंजिन गरम असतानाच मेकॅनिकने तीन नंबरचं कॉम्प्रेशन पुन्हा घेतलं, ठरल्याप्रमाणे. ७३. तासाभराची मजुरी ९५ डॉलर. काकांनी बिल मागून घेतलं, आकडा दोनदा वाचला, आणि हिरवा हायलायटर काढला.